जॅमचं पातेलं परत आलं त्या बुधवारी

नाव: पीच, अ‍ॅल्विन अर्न्स्ट. पुरुष. वय वर्षे त्र्याऐंशी. विधुर. व्यवसाय: शेतकरी, निवृत्त. वास्तव्य: स्वतःच्या घरी, एकटे, सर्वात जवळची वस्ती यार्पिल, अंतर अकरा किलोमीटर. दृष्टी: उत्तरोत्तर क्षीण. श्रवणशक्ती: निवडक. चालणे: काठीविना. स्वयंपाक: उकडणे व भाजणे या मर्यादेत. घराची स्थिती: अत्यंत नीटनेटकी, अनुकरणीय. मनःस्थिती: शांत, सहकार्यशील, विनोदबुद्धी शाबूत. स्वतःस इजा करून घेण्याचा धोका: आढळला नाही. पुढील भेट: बारा महिन्यांनी.

हा कागद पुढे अ‍ॅल्विनच्या मुलीने, रोझलिनने, आम्हाला दाखवला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे तो लिहिणाऱ्या सरकारी आरोग्यखात्याच्या बाईंच्या बाजूने सांगायलाच हवं. फेब्रुवारीच्या उन्हात अडीच तास गाडी हाकत त्या आल्या होत्या आणि त्यांनी नेमून दिलेले पंधराच्या पंधरा प्रश्न विचारले होते. आयुष्याबद्दल समाधानी आहात का? अ‍ॅल्विन म्हणाला, तक्रार नाही. आमच्या मॅलीत, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या या कोरड्या गव्हाच्या मुलखात, गवताची गंजी पेटलेला माणूसही तक्रार नाही असंच म्हणतो, पण बाई मेलबर्नकडच्या, त्यांनी 'होय'वर खूण केली. एकटं वाटतं का? कुत्री आहे, तो म्हणाला. 'नाही'वर खूण. जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का? नाही हो बाई, चहा घेणार? बाईंनी चहा घेतला आणि घराचं कौतुक केलं. व्हर्ना जिवंत असताना ते घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं, हे त्यांना सांगायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.

व्हर्ना म्हणजे अ‍ॅल्विनची बायको. ती गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. संसारातलं बोलायचं काम तिच्याकडे होतं आणि बाकीचं त्याच्याकडे. अ‍ॅल्विनच्या आजोबांनी झुडपं उपटून काढलेली ती जमीन, तिच्यावर त्याने साठ हंगाम गहू काढला, मेंढ्या कातरल्या, दोन दुष्काळांत मेंढ्या पुरल्या आणि त्या पुरतानाही तक्रार नाही असंच म्हटलं. व्हर्ना गेल्यावर जमीन भाड्याने दिली. भाड्याने घेणाऱ्याचा ट्रॅक्टर आपोआप सरळ रेषेत चालतो. आतला पोरगा सँडविच खात बसलेला असतो. अ‍ॅल्विन व्हरांड्यातून बघायचा. मला एकदा म्हणाला, "साठ वर्षं लागली मला सरळ नांगरायला. त्याला बटण लागलं." मी हसले. त्या वेळी ते हसण्यासारखंच वाटलं.

जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की नजरेचा मधला भाग जातोय आणि गाडी चालवणं थांबवा. जिथे दुधासाठी अकरा किलोमीटर आणि डॉक्टरसाठी चाळीस किलोमीटर जावं लागतं, तिथे हे माणसाला काय सांगितलं हे त्या डॉक्टरला कळलं असेल की नाही, माहीत नाही. अ‍ॅल्विन गाडी चालवतच राहिला, फक्त यार्पिलपर्यंत, पाठांतराच्या जोरावर. रस्ता सरळ आहे. समोरून येणारे बाजूला व्हायला शिकले.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल.

यार्पिलच्या परिसरात कोणाचीही वस्तू त्याच्या स्वतःच्या घरी नसते. शेजारी शेतकरी नेव्हिलची लांब शिडी अ‍ॅल्विनकडे, अ‍ॅल्विनची तार ताणायची साखळी नेव्हिलच्या मेव्हण्याकडे, मेव्हण्याचं वेल्डिंगचं मशीन पुन्हा अ‍ॅल्विनकडे. एकदा नेलेली वस्तू परत करायची पद्धत नाही. लागली तर मालक स्वतः जातो, वस्तू कुठे आहे ते विचारतो, मग चहा होतो, पावसावर बोलणं होतं, दोन तास जातात, आणि पुष्कळदा मालक वस्तू तिथेच विसरून घरी येतो. आमचे पुरुष कारण नसताना एकमेकांच्या घरी जात नाहीत. उगाच आलो, असं म्हणणारा माणूस आजारी तरी असतो किंवा धर्मप्रचारक तरी. शिडी हे कारण असतं. त्यामुळे कोणी वस्तू परत आणून दिली तर त्याचा अर्थ एकच होतो, की भांडण झालं.

मार्चमध्ये, पेरणीच्या आधीच्या रिकाम्या दिवसांत, अ‍ॅल्विन वस्तू परत करू लागला.

आधी वेल्डिंगचं मशीन गेलं. मग खांबांचे खड्डे खणायचं यंत्र, जे त्याने सत्त्याऐंशी साली नेलं होतं आणि ज्याचा मूळ मालक वारला होता. ते त्याने मालकाच्या नातवाला दिलं, तेल घालून, गंज खरवडून. मग मेंढ्यांना औषध पाजायची पिचकारी, दोन कुऱ्हाडी, चर्चच्या सहा खुर्च्या. शिडी घेऊन तो नेव्हिलकडे गेला तेव्हा नेव्हिल चकित झाला, कारण मधल्या काळात त्याने दोन शिड्या विकत घेतल्या होत्या.

शुक्रवारी बाउल्स क्लबात, जिथे म्हातारी माणसं हिरवळीवर जड चेंडू घरंगळवतात आणि बिअर पितात, हाच विषय होता. नेव्हिल म्हणाला, म्हाताऱ्याला शेवटी अक्कल आली, आणखी वीस वर्षं दिली तर माझी करवतही येईल. कोणीतरी विचारलं की भांडण कशावरून झालं. नेव्हिल म्हणाला की त्याने रात्रभर आठवून पाहिलं, पण सापडलं नाही. अ‍ॅल्विन त्या दिवशी क्लबात होता. हसत होता, सगळ्यांना बिअर पाजत होता, आणि जाताना त्याने प्रत्येकाशी हात मिळवला. रोज भेटणाऱ्या माणसांशी हात मिळवायची आमच्यात पद्धत नाही. लोकांना वाटलं, चला, व्हर्नाच्या दुःखातून माणूस बाहेर पडला. मलाही तसंच वाटलं. हे लिहिताना ते वाक्य गाळावंसं वाटतं, पण राहू द्यावं.

मी जिल्ह्याच्या वाचनालयाची फिरती गाडी चालवते. दर दुसऱ्या बुधवारी साडेनऊला यार्पिलच्या हॉलसमोर उभी करते. त्या बुधवारी अ‍ॅल्विन पहिला आला. डिझेल इंजिनांवरचं एक पुस्तक त्याच्याकडे अकरा वर्षं होतं. मी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं, कारण ते परत आलं असतं तर त्याला माझ्याकडे यायचं कारण राहिलं नसतं, आणि माझ्या गाडीत येणारे पुरुष तीनच होते. त्याने पुस्तक ठेवलं, पानं पुसलेली होती. म्हणाला, माझं नाव यादीतून काढ. मी म्हटलं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आहेत, ऐकायची आहेत. तो म्हणाला, नको, नाव काढ म्हणजे तुला मागे लिहालिही नको. मग हात पुढे केला. मी तो हातात घेतला. हात गार होता, आणि बाहेर छत्तीस डिग्री होतं.

तो गेल्यावर मी पुस्तक फळीवर लावायला उचललं आणि लावता येईना. काय खटकतंय ते कळत नव्हतं. हेच भयंकर होतं. समोर काहीच वाईट घडलेलं नव्हतं.

साडेदहाला मर्ना हुफ आली. मर्ना चौऱ्याहत्तर वर्षांची, अ‍ॅल्विनच्या शेताला लागून तिचं शेत, आणि व्हर्नाची चाळीस वर्षांची मैत्रीण. तिच्या हातात एक मोठं तांब्याचं पातेलं होतं, जर्दाळूचा जॅम करायचं. तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभीच राहिली.

"हे आत्ता अ‍ॅल्विनने आणून दिलं," ती म्हणाली. "बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं."

मी म्हटलं, सगळ्यांचंच देतोय सध्या.

"मी विचारलं, काय घाई होती. तर म्हणाला, असू दे, नंतर कोणाला शोधत बसायला नको." तिने पातेलं माझ्याकडे सरकवलं. "नंतर म्हणजे कशानंतर गं, पोरी?"

मी तिला पुस्तकाचं सांगितलं, हात मिळवल्याचं सांगितलं. मर्नाचा सासरा ब्याऐंशीच्या दुष्काळात गेला. कसा गेला हे त्यांच्या घरात बोलत नाहीत, आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीच्या आठवड्यात त्याने सगळी अवजारं तेल लावून भिंतीवर टांगली होती आणि सुनांशी इतका गोड वागला होता की मर्नाने नवऱ्याला म्हटलं होतं, तुझे वडील बरे दिसतायत हल्ली. एकेचाळीस वर्षं ते वाक्य तिच्याजवळ होतं. तेही तिने मला आत्ता, उभ्या उभ्या, पातेल्यावर हात ठेवून सांगितलं.

आम्ही अ‍ॅल्विनच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग मी मोठ्या गावच्या दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी सभ्य होती. तिने विचारलं, नेमकं काय झालंय? मी म्हटलं, आमच्या एका शेजाऱ्याने जॅमचं पातेलं परत केलंय. पलीकडे टाइप करायचा आवाज थांबला. मी म्हटलं, आणि पुस्तक. ती म्हणाली, तुम्ही ठीक आहात ना? मग मर्नाने माझ्या हातातून फोन घेतला आणि एका दमात सांगितलं की एक म्हातारा माणूस आज जीव देणार आहे असं मला वाटतंय, माझी चूक असेल तर सगळा जिल्हा मला हसेल, तुम्ही गाडी पाठवा. गाडी यायला चाळीस मिनिटं लागतील, मुलगी म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज वेगळा होता.

मी वाचनालयाच्या गाडीला कुलूप लावलं आणि मर्नाच्या गाडीत बसले. अकरा किलोमीटर मर्नाने वेग कुठेही कमी केला नाही. समोरून नेव्हिलची गाडी आली. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, आमच्याकडे तेवढाच नमस्कार असतो. मागे, उघड्या हौद्यात, अ‍ॅल्विनची कुत्री डॉट उभी होती.

मर्नाने गाडी थांबवली नाही. फक्त म्हणाली, "कुत्रीपण दिली."

फाटकापाशी कोणी भुंकलं नाही. मी त्या घरी पंचवीस वर्षं जात होते आणि त्या फाटकाची कडी वाजते हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आतली फरशी पुसलेली, ओटा रिकामा, भांडी जागच्या जागी. टेबलावर तीन पाकिटं एका ओळीत, त्यांवर नावं: रोझलिन, मर्ना, नेव्हिल. कडा अशा जुळवलेल्या की पट्टी लावली असावी. अनुकरणीय, त्या बाईंनी लिहिलं होतं.

मर्नाने आपल्या नावाच्या पाकिटाला हात लावला नाही. ती हाका मारत बाहेर गेली. मी खोल्या पाहिल्या. एकेक दार ढकलताना मी आधी डोळे मिटत होते आणि मग उघडत होते. चोपन्न वर्षांच्या बाईने असं करावं याची लाज वाटायलाही वेळ नव्हता. पलंगावर चादर ताणलेली. मोरीत टॉवेल घडी केलेला. कुठेच कोणी नाही. बाहेर त्याची गाडी शेडमध्ये होती, म्हणजे तो लांब गेला नव्हता. ही चांगली गोष्ट की वाईट, ते ठरवता येईना. पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. कोंबड्यांच्या खुराड्यात पाहिलं, कोंबड्याही नव्हत्या. मर्नाच्या हाका पुढे पुढे जात होत्या आणि एकदम थांबल्या.

लोकर कातरायच्या शेडशी ती उभी होती. मी धावले.

अ‍ॅल्विन आत बाकावर बसला होता. स्वच्छ शर्ट, पॉलिश केलेले बूट, हात मांडीवर. जिवंत. मर्नाने मला हाताने मागे थांबवलं आणि जाऊन त्याच्या शेजारी बसली, बसच्या थांब्यावर बसतात तशी. मी दाराशी खाली बसले.

"काय गं," तो म्हणाला, "पातेलं गळतंय का?"

"नाही."

"मग?"

"अ‍ॅल्विन, तू जीव द्यायचं ठरवलंयस का?"

असं कोणी कोणाला विचारत नाही. आमच्याकडे बियाणं कोणतं पेरणार हेही लोक आडून विचारतात. डोक्यावरचा पत्रा उन्हाने तडतडत होता.

"हो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, जणू हिशेब चुकू नये म्हणून, "जेवणाच्या वेळेआधी."

मर्नाने मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. का, असंही विचारलं नाही, पण तो आपणच बोलू लागला. डोळे जाणार. मग रोझलिन नोकरी सोडून पर्थहून येणार, किंवा त्याला तिकडे नेऊन कुठल्यातरी खोलीत ठेवणार. सकाळी उठून करायला काही नाही. रात्री झोप नाही. व्हर्नाशी बोलतो तर ती उत्तर देत नाही. कोणाच्या अंगावर पडायचं नव्हतं, म्हणून आधी सगळ्यांचं सगळं नीट देऊन टाकलं.

"तू काय दिलंस ते तुला कळलंय का?" मर्ना म्हणाली. "बावीस वर्षं पातेलं तुमच्याकडे होतं. दर जर्दाळूच्या हंगामात मी ते न्यायला येत होते आणि न नेता परत जात होते. आता मी कशासाठी येऊ?"

"पातेल्याशिवाय येता येतं की."

"आपल्याकडे? कोण कधी आलंय?"

त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तेवढंच. पण मी तो पाहिला.

मग ती म्हणाली, "बंदुकीच्या कपाटाची किल्ली दे. मला बंदूक हवीय. कोल्हे माजलेत माझ्याकडे."

"तुझी आहे की."

"बिघडलीय."

"खोटं बोलतेस."

"हो."

त्याने खिशात हात घातला. त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. ती मुठीत धरून मर्ना म्हणाली की परत करेन की नाही सांगता येत नाही. तो म्हणाला, पद्धतच आहे.

दवाखान्याची गाडी आली तेव्हा आम्ही तिघं ओळीत त्या बाकावर बसलो होतो आणि पावसावर बोलत होतो.

त्याला सहा आठवडे ठेवून घेतलं. मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरणीने पडद्यावरून त्याची तपासणी केली आणि हे म्हातारपण नसून आजार आहे, औषधाने उतरतो, असं सांगितलं. अ‍ॅल्विनला ते पटायला वेळ लागला. गुडघा दुखणं आजार, पण जगावंसं न वाटणं म्हणजे त्याच्या मते स्वभाव होता. औषध मात्र तो घेत राहिला. रोझलिन पर्थहून आली, महिनाभर राहिली. मर्नाने पाकिटं तिच्या हातात दिली आणि तिने ती न फोडता चुलीत घातली.

यार्पिलकरांना कळलं तसं त्यांनी आपापल्या परीने प्रायश्चित्त घेतलं. अ‍ॅल्विन घरी आला त्या आठवड्यात नेव्हिलने शिडी आणून टाकली, माझ्याकडे जागा नाही म्हणाला, आणि डॉट तर गाडी थांबायच्या आतच उडी मारून घरात गेली होती. वेल्डिंगचं मशीन परत आलं. चर्चच्या खुर्च्या आल्या. काहींनी उत्साहाच्या भरात कधीच त्याच्या नसलेल्या वस्तूही आणल्या. एकाने गवत कापायचं मशीन आणलं, जे चालत नव्हतं. अ‍ॅल्विन व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, "मेलो असतो तर निदान ही अडगळ आली नसती." नेव्हिलचा चेहरा पांढरा पडला. तो विनोद होता की काय होतं, हे आमच्यापैकी कोणालाही ठरवता आलं नाही, आणि खरं तर अजूनही येत नाही. तो हसला की आम्ही एकमेकांकडे बघतो. त्याने एखादी वस्तू हातात धरून आमच्या दिशेने दोन पावलं टाकली की काळजाचं पाणी होतं. मागच्या महिन्यात त्याने नेव्हिलला करवत परत केली आणि नेव्हिल ती करवत तशीच बगलेत मारून तासभर त्याच्या पायरीवर बसून राहिला.

आता मर्ना रोज सकाळी साडेसहाला त्याला फोन करते. ती विचारते, काय रे, जीव द्यायचं डोक्यात आहे का? तो म्हणतो, आज नाही. एकदा म्हणाला, आज जरा आहे, आणि ती चप्पल घालूनच गाडीत बसली. त्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले आणि डॉक्टरणीने औषध बदललं. गेल्या बुधवारी तो माझ्या गाडीत आला, मर्नाच्या गाडीतून, आणि ऐकायचं पुस्तक घेऊन गेला. त्याला ते आवडलं नाही, वाचणारा फार घाई करतो म्हणाला.

नवीन मूल्यांकन ऑगस्टमध्ये झालं. मनःस्थिती: सुधारित. सामाजिक आधार: भरपूर. धोका: कमी, निरीक्षणाखाली. पुढील भेट: सहा महिन्यांनी.

मर्ना रात्री आपली गाडी फाटकाकडे तोंड करून उभी करते, किल्ली आतच ठेवून.